मल्लण्णाचा खंडा आणि दुपारची लोहारकी

ज्या दुपारी मैलार मल्लण्णाचा खंडा मोडला, त्या दुपारी पद्माबाईंचा मंगळवारचा उपवास होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकणारा म्हणेल, पोटभर जेवून बाईच्या अंगात मस्ती आली असेल. पोटात फक्त भगर होती आणि वाटीभर दही. मस्ती जी काय होती ती टीव्हीत होती.

टीव्हीवर रोज दुपारी लोहारकीची स्पर्धा लागायची. परदेशातली, पण बोलणं हिंदीत घातलेलं. दांडगे दाढीवाले लोहार भट्टीपुढं घाम गाळायचे, गंजलेल्या साखळ्यांतून आणि मोटारींच्या भंगारातून पाती काढायचे. मग परीक्षक ती पाती दोरावर, बर्फावर, नारळावर चालवून बघायचे. कुणाच्या पात्याला तडा गेला की तो दाढीवाला मान खाली घालून निघून जायचा, आणि हुमनाबादेत पद्माबाई त्याच्यासाठी देवाला हात जोडायच्या. कधीकधी परीक्षक अख्खं डुक्कर टांगायचे. तेवढा वेळ पद्माबाई देवघराकडं तोंड करून नामस्मरण करायच्या, आणि दहावीतली मनीषा 'झालं, आई' म्हणाली की परत वळायच्या. 'किती खोल गेलं?' एवढं मात्र विचारून घ्यायच्या.

अशा बाईला हत्यारांचा नाद असेल हे कुणाला सांगून पटलं नसतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, रविवार मल्लण्णाचा. आवाज इतका हळू की बाजारात वांगी मागितली तर भेंडी मिळायची, आणि त्या मुकाट भेंडी घेऊन घरी यायच्या. पण लग्नात नवरदेवाच्या हातातली कट्यार दिसली की शेजारच्या बाईच्या कानाशी लागून 'पाणी दिलेलं न्हाई पात्याला' असं सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बिदरच्या किल्ल्यात अख्खं कुटुंब तोफेपुढं फोटो काढत असताना त्या काचेतल्या तलवारीपुढं हात जोडून उभ्या होत्या. रखवालदाराला वाटलं, बाई नवस बोलायलीय. नवरा अनिलकुमार एका हायस्कुलात कारकून होता. तो या नादाला 'डोक्याचा भाग' म्हणायचा, पण विळीला धार लावून घ्यायची असली की गुपचूप त्यांच्यापुढंच आणून ठेवायचा.

मनीषा दिवसभर आईशी 'हूं' आणि 'काय' या दोनच शब्दांत बोलायची. ती तोंड भरून बोलायची ते या दुपारच्या कार्यक्रमात. कोण बाद होणार यावर मायलेकींची रोज पैज लागायची.

आता खंडा. घराण्याचा देव मल्लण्णा, म्हणजे खंडोबाच, आणि ही त्याची तलवार. दीड हाताचा, दुधारी, लाकडी म्यानात, वर पिवळं फडकं. असायला हवा होता गावाकडं, मेहकरला, थोरले भाऊजी गुंडाप्पांच्या घरी, पण तिथली कौलं गळायला लागली, देवावर पाणी पडायला लागलं, तेव्हा सासूबाईंनी मरायच्या आधी तो हुमनाबादला पाठवला. दरवर्षी खंडेनवमीला भावकी इथं जमायची. गुंडाप्पांच्या हातात खंडा द्यायचा, त्यांच्या अंगात मल्लण्णाचं वारं यायचं, देव पावसापाण्याचं, शेळ्यामेंढ्यांचं दोन शब्द बोलायचा, आणि जेवणं व्हायची.

पद्माबाईंचं व्रत वेगळं. सकाळी अंघोळ झाली की खंडा म्यानातून चार बोटं बाहेर काढायचा, हळदीचा भंडार लावायचा आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा. खंडा या घरात आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. आणि रोज ती चार बोटं बाहेर येताना खंडा अगदी बारीक वाजायचा, 'झिं' असा. पद्माबाईंच्या लेखी तो देवाचा होकार होता. घरात इतर कुणाला ऐकू यायचा नाही, पण त्यांचा स्वतःचा आवाजही घरात कुणाला ऐकू यायचा नाही, त्यामुळं त्यांना यात काही विशेष वाटत नसे.

पितृपंधरवडा चालू होता. घट बसायच्या आधी देव घासून ठेवावेत म्हणून त्या मंगळवारी चिंच आणि राख घेऊन खंडा त्यांच्या मांडीवर होता. टीव्हीत परीक्षक एका दाढीवाल्याची तलवार पकडीत धरून काटकोनात वाकवत होता. तलवार वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. मायलेकींनी श्वास सोडला.

"आई," मनीषा म्हणाली, "आपला खंडा वाकंल का गं असा?"

पोरीनं सहज विचारलं. पण पद्माबाईंना ते लागलं. कुठल्या दूरच्या देशातल्या, कपाळाला गंधसुद्धा न लावणाऱ्या माणसाची तलवार वाकून सरळ होते, आणि आपल्या मल्लण्णाची होणार नाही?

"न वाकायला काय झालं," त्या हळूच म्हणाल्या. "देवाचा हाय त्यो."

मग त्या उठल्या, खंड्याला नमस्कार केला, टोक खिडकीच्या गजांत अडकवलं आणि मूठ दोन्ही हातांनी ओढली. थोडं वाकलं. आणखी थोडं वाकलं. मनीषा म्हणाली, "बास, आई." पद्माबाईंना वाटलं, अजून थोडं.

आवाज काही फार मोठा झाला नाही. ताट पडावं तेवढा. मूठ हातात राहिली आणि टोक खिडकीबाहेर, शेजारच्या ईरम्मांच्या तुळशीपाशी जाऊन पडलं.

मोडल्या जागी लोखंड साखरेसारखं कणीदार दिसत होतं. "कणी मोठी झालीय," मनीषा पुटपुटली. कणी मोठी म्हणजे लोखंड ठिसूळ, हे तिनं त्याच कार्यक्रमात शिकलेलं होतं. टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. मनीषानं उठून टीव्ही बंद केला, आणि तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की बाहेर कावळे ओरडायचे थांबलेत.

पितराचे दिवस, गल्लीत जिकडंतिकडं घास ठेवलेले. बाकीच्या सगळ्या छपरांवर कावळे बसलेले, यांच्या छपरावर एकही नाही. सगळे चोची या घराकडं करून गप्प बसले होते.

दुसऱ्या सकाळी पहिला प्रश्न आला पाण्याचा. दर्शन कशाचं घ्यायचं? पद्माबाईंनी टोक ईरम्मांच्या तुळशीपासून गुपचूप उचलून आणलं होतं आणि दोन्ही तुकडे म्यानात घालून फडकं गुंडाळून ठेवलं होतं. म्यानाला हात जोडले, भंडार लावला. पण 'झिं' आलं नाही, म्हणजे होकार नाही, म्हणजे पाणी नाही. भांडं हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की व्रतात पाणी म्हटलंय, ताकाचा कुठंच उल्लेख नाही. त्यांनी ताक प्यायलं. नुसत्या दुधाचा चहा केला. ताकातही पाणी असतं, हा विचार दारापर्यंत आला होता, पण त्याला त्यांनी आत घेतलं नाही.

दुपारी, उन्हानं गल्ली अगदी रिकामी झालेली असताना, देवघरातून 'झिं' वाजलं. कुणी हात लावला नव्हता. मग ते स्वयंपाकघरात वाजलं. मग अंगणात. मग दारापलीकडं. पद्माबाई भाकरी थापायच्या थांबल्या. आवाज घरात नव्हता, घराभोवती होता. कुणीतरी वाट बघत फेऱ्या घालाव्यात तसा.

तेव्हा त्यांना कळलं काय झालंय ते. देव खंड्यातून बाहेर पडलाय. गेलेला नाही, पण आतही नाही. खंडेनवमीपर्यंत तो आत आला नाही तर घराण्याचा देव उघड्यावर राहणार, तो पद्माबाईंमुळं आणि टीव्हीमुळं. अनिलकुमारला सांगायची सोय नव्हती. तो थोरल्या भावाला इतका भ्यायचा की फोनवर बोलतानाही उभा राहायचा.

सल्ला मात्र घ्यावाच लागतो. पद्माबाईंनी अंगणात ज्वारी निवडता निवडता विषय काढला. "माझ्या माहेरच्या एका बाईच्या घरातला देव मोडला म्हणं."

ईरम्मांनी लगेच सूप खाली ठेवलं. "मोडलेल्यातून देव जातोय बगा. नदीत सोडायचं, आंबील करायची, वीरभद्राला नारळ द्यायचा, आन् परत येताना मागं वळून बघायचं न्हाई. आमच्या नणंदेनं बघितलं हुतं."

"मग?"

"मग काय, अजून मान आखडलेलीच हाय."

पलीकडच्या पंचशीलाबाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या ज्वारीतले खडे जोरात फेकत म्हणाल्या, "लोखंड मोडलं तर जोडायचं असतंय. त्यात कोण जायलंय आन् कोण यायलंय? तुमच्या त्या माहेरच्या बाईला म्हणावं, बी.पी. तपासून घे."

तेवढ्यात आतून 'झिं' झालं. या वेळी मोठ्यानं. तिघींनी ऐकलं.

"फ्रीज हाय," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"फ्रीज कवाचा बंद हाय," पद्माबाई म्हणाल्या.

पंचशीलाबाईंनी सूप उचललं. "मग चालू करून घ्या," म्हणून त्या घरी गेल्या आणि जाताना, पद्माबाईंनी बघितलं, त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

मार्ग काढला मनीषानं. मोडल्या दिवसापासून ती टीव्हीपुढं बसली नव्हती. प्रश्न आपण विचारला म्हणून आपलाच गुन्हा, असं तिनं मनाशी घेतलं होतं. पद्माबाईंनी एकदा टीव्ही लावून हाक मारली तर म्हणाली, "न्हाई बघायचं मला त्ये." पण त्या संध्याकाळी ती चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"जोडलेलं पातं टिकत न्हाई, आई. नवीनच करावं लागंल. पण नुसतं नवीन करून देव कसा येणार? जुनं लोखंड नव्यात घालायचं. तापवून, ठोकून, एकजीव करायचं. टीव्हीत न्हाई का, भंगारातनं करतेत."

पद्माबाईंना हे शास्त्र एकदम पटलं. कारण ते त्या रोज करत होत्या. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधात घालायचं, म्हणजे दही तेच राहतं. देव काय त्याहून वेगळ्या रीतीनं वागणार?

हायवेच्या कडेला, लॉरीच्या गॅरेजांच्या रांगेत, बाबूलालची भट्टी होती. कोयते, कुऱ्हाडी आणि लॉरीचे कमानपाटे, एवढं त्याचं राज्य. मायलेकींनी फडकं उघडून तुकडे दाखवले तसा तो दोन पावलं मागं सरला.

"अक्का, मैं कोयता बनातूं. भगवान कब्बी नै बनाया."

"तुमी नुसतं ठोका, चाचा," मनीषा म्हणाली. "कसं करायचं ते आमी सांगताव."

या वाक्यानं बाबूलालची मान जी ताठ झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली. त्यानं एका लॉरीचा जुना कमानपाटा काढला. "ये आंध्राके लॉरी का है. पूरा मुल्क फिरा हुवा लोखंड." मनीषा म्हणाली, कमानीचं लोखंड चांगलं लवतंय. बाबूलाल म्हणाला, ये पोरगी कोनसे कारखाने में शिकी? पद्माबाई म्हणाल्या, घरीच. त्यानं आकाशाकडं बघितलं.

पाटा निखाऱ्यात घातला, मध्ये खंड्याचे तुकडे. भाता चालू केला. पाटा काळ्याचा लाल झाला, लालचा नारिंगी झाला. मध्ये ठेवलेले दोन तुकडे काळेच राहिले.

बाबूलालनं भाता वाढवला. पाटा पिवळा धमक झाला. तुकडे जसेच्या तसे काळे. पांढऱ्या जाळात दोन काळ्या फटी पडल्यासारखे दिसत होते. हायवेवरून लॉऱ्या जात होत्या, पण भट्टीच्या छपराखाली त्यांचा आवाज येईनासा झाला. बाबूलालनं भात्यावरचा हात काढला आणि अगदी हळू विचारलं, "अक्का, ये क्या चीज लायी तुम?"

पद्माबाई पुढं झाल्या. पदर सावरला आणि रोज सकाळी खंडा काढताना म्हणायच्या तेच निखाऱ्यांना म्हणाल्या: "मल्लण्णा, उठ बाबा. उजाडलं." पुढं त्यांना काही सुचेना, म्हणून म्हणाल्या, "माझं चुकलं. थंडीत बसू नगंस."

आणि काळ्या तुकड्यांत मधोमध लाली उमटली. झोपलेल्यानं एक डोळा उघडावा तशी.

मग ठोकाठोकी. मनीषा सांगायची, "चाचा, जोडाला लावायचा सुहागा कमी पडला, सांधा सुटंल." बाबूलाल म्हणायचा, "मेरे बाप कू पूछ." शेवटी सांधा सुटला. पुन्हा तापवला. पातं तयार झालं ते पळीसारखं वाकडं. पुन्हा ठोकलं. इतकं झाल्यावर बाबूलालनं आपल्या पद्धतीनं तापलेलं पातं उचललं आणि कुणी नको म्हणायच्या आत पाण्याच्या पिंपात खुपसलं.

'टण्.'

तडा मधोमध गेला होता. मनीषा रडायलाच लागली. "तेलात बुडवायचं असतंय, चाचा. कमानीचं लोखंड हाय. तेलात."

बाबूलाल पहिल्यांदाच खजील झाला. "टीव्हीमें तेल में डुबातें?"

"व्हय."

"कौनसा?"

हे टीव्हीत कधी सांगितलं नव्हतं. पद्माबाईंनी पिशवीतून बाटली काढली. करडईचं तेल, समईसाठी आणलेलं. बाबूलालनं ते एका डब्यात ओतलं, तडा परत तापवून, ठोकून मिटवला, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात पातं तेलात घातलं. जाळ उठला. वारा असा होता की बाबूलालच्या डोक्यावरची टोपी उडून लॉरीखाली गेली. तो जाळ मात्र देवघरातल्या ज्योतीसारखा सरळ उभा राहिला, हलला नाही. तिघंही टोपीकडं न बघता जाळाकडं बघत राहिले.

परत येताना बसस्टँडच्या तिठ्यावर नवरात्राचा बंदोबस्त होता. हवालदार सिद्धलिंगप्पांनी मनीषाच्या हातातलं लांबट गाठोडं बघून हात केला.

"काय हाय अक्का ते?"

"देव," पद्माबाई म्हणाल्या.

"जोरात सांगा."

"देव," मनीषा म्हणाली.

फडकं उघडलं. सिद्धलिंगप्पांनी मोबाईल काढला. "तलवार हाय ही. सणात हत्यार घेऊन फिरायला बंदी हाय. ह्यात नोंद करावी लागंल." त्यांनी काही बटणं दाबली. "तलवार लिवू का सुरा?"

"हत्यार न्हाई त्ये. मैलार मल्लण्णा हाय."

सिद्धलिंगप्पांनी 'इतर' दाबलं. मोबाईलनं 'इतर'चं वर्णन मागितलं. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. "आमचा बी कुलदेव तोच हाय, अक्का."

"मग हात लावून बघा."

"त्येच तर." ते इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "दुपारी जेवण जरा देवाला चालण्यासारखं झालेलं न्हाई. म्हणजे मी हात लावणार न्हाई आन् तुमाला सोडणार बी न्हाई. तुमीच घेऊन ठाण्यात चला."

"चला की," पद्माबाई शांतपणे म्हणाल्या. "बसायला पाट लागंल. दोन वेळा दिवा लागंल. शिवाशिव चालत न्हाई. नैवेद्याला पुरण. रात्री एकट्याला ठिवायचं न्हाई."

सिद्धलिंगप्पांनी मनातल्या मनात ठाण्यातल्या प्रत्येकाची पाळी लावून बघितली असावी, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "जावा. पण एक करा, त्या आजोबाला हितं रस्त्यात उभं करू नका."

"कोण आजोबा?"

"तुमच्यासंगट आलेत न्हाई का? पिवळ्या पटक्याचे. तुमच्या मागं हुते की आत्ता." त्यांनी मायलेकींच्या मागं बघितलं. मागं रिकामी रसवंती होती. "मला वाटलं सासरे हायत तुमचे."

पद्माबाईंचे सासरे वारून कैक वर्षं झाली होती आणि ते पांढरा पटका बांधायचे. मायलेकी मागं न बघता घरापर्यंत चालल्या. घराच्या फाटकाशी पद्माबाई थांबल्या, आणि फाटक उघडून जरा वेळ तसंच धरून ठेवलं. पाहुणा मागून येत असला की धरतात तसं. गल्लीतलं कुत्रं दारासमोर बसून वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला बघत शेपूट हलवत होतं. पण ते आत बघत नव्हतं. बाहेरच बघत होतं.

नवा खंडा म्यानात गेला नाही. चार बोटं बाहेर राहिला. ओढलं, दाबलं, तेल लावलं, जाईना. पद्माबाईंनी तसाच ठेवला. सकाळी बघतात तर मुठीपर्यंत आत गेलेला. मनीषानं हात लावला नव्हता. अनिलकुमारला तर अजून काहीच ठाऊक नव्हतं. पंचशीलाबाईंना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, लोखंड गार झालं की आकसतंय. पण त्या अंगणात न येता फाटकाबाहेरूनच म्हणाल्या.

पद्माबाईंनी भंडार हातात घेतला, खंडा चार बोटं बाहेर काढला आणि कान दिला. काही नाही. पुन्हा काढला. नुसतं लोखंड. घरभर नुसती शांतता. जागा तयार होती, दार उघडं होतं, आणि पाहुणा उंबऱ्याबाहेर. नवरात्र ताकावर गेलं. ओठ फुटले. अनिलकुमार म्हणाला, "कामून इतकं ताक प्यायलीस गं? थंड पडतंय." पद्माबाई म्हणाल्या, "आवडायलंय."

खंडेनवमीला मेहकरहून भावकी आली. गुंडाप्पा भाऊजी सत्तरीचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, खांद्यावर घोंगडी, खिशात बटणांचा जुना फोन, तोही नातवानं लावून दिल्याशिवाय लागायचा नाही. घरात टीव्ही नव्हता. आल्या आल्या म्हणाले, "पद्मा, वाळलीस गं. अनिल्या काम लावायलाय का खायला घालायलाय?"

"खायलाव, भाऊजी."

"हिचं बोलणं आजून कुणाला ऐकू येत न्हाई," भाऊजी सगळ्यांना म्हणाले, आणि सगळे हसले. पद्माबाईही हसल्या. हसताना फुटलेला ओठ दुखला.

दिवट्या पेटल्या. पाटावर भाऊजी बसले. अनिलकुमारनं म्यान पुढं केलं. भाऊजींनी मूठ धरून खंडा बाहेर काढला.

काही झालं नाही.

दरवर्षी मूठ हातात आली की भाऊजींचा श्वास लांबायचा, खांदे उडायचे. आज ते खंडा धरून नुसते बसून होते. हलगी वाजत होती. एक म्हातारी म्हणाली, भंडार टाका. टाकला. एक जण म्हणाला, हलगी जोरात. वाजवली. भाऊजींनी पद्माबाईंकडं बघितलं आणि मग हळूहळू खांदे उडवायला लागले. पद्माबाईंनी इतकी वर्षं ते खांदे बघितले होते. हे खांदे भाऊजींचे स्वतःचे होते. म्हातारा भावकीपुढं लाज जाऊ नये म्हणून हलत होता.

म्हणजे आलाच नाही. आपण देवाला बेघर केलं.

आणि तेवढ्यात हलगी थांबली. हलगीवाल्यानं थांबवली नव्हती. त्याचा हात वाजतच होता, आवाज येत नव्हता. दिवट्यांचे जाळ सरळ उभे राहिले. भाऊजींचे उडणारे खांदे जागच्या जागी थांबले, आणि त्यांनी मान वर केली. मोतीबिंदूचा डोळा आणि चांगला डोळा आता सारखेच दिसत होते.

"जुनं कुठंय?"

आवाज भाऊजींचा नव्हता. खोल विहिरीत बादली आपटावी तसा होता. अनिलकुमार घाईनं पुढं सरला, "देवा, हेच हाय जुनं, ह्यो तुझाच–"

"तुला न्हाई विचारलं."

अनिलकुमार मागं सरकला. सगळी भावकी एकमेकांकडं बघायला लागली. मनीषा आईच्या पाठीमागं उभी होती. तिची बोटं पद्माबाईंच्या पाठीत रुतली. मग ती बोटं सुटली आणि पोरगी पुढं यायला निघाली. "मी विचारलं हुतं–" एवढंच ती बोलली. पद्माबाईंनी तिला हातानं मागं सारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. त्या घरात तसा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मी मोडलं, देवा. टीव्हीत बघून. वाकवून बघितलं."

भावकीतल्या कुणाच्या तरी हातातलं नारळाचं ताट खाली पडलं. अनिलकुमारनं डोळे मिटले.

देव पुढं वाकला आणि त्यानं विचारलं:

"किती वाकलं?"

पद्माबाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढं करून कोन दाखवला. "एवढं. काटकोनापर्यंत पोचलं न्हाई."

देवानं मान हलवली. ती मान हलवणं पद्माबाईंनी रोज दुपारी बघितलं होतं. परीक्षक तशीच हलवायचे. मग देवानं नवा खंडा, मूठ पुढं करून, त्यांच्या हातात दिला.

"ह्ये वाकव."

"नगं, देवा."

"वाकव."

खिडकी तीच. गज तेच. टोक अडकवलं. मनीषा न सांगता पुढं आली आणि तिनं आईच्या हातांवर हात ठेवले. दोघींनी ओढलं. वाकलं. आणखी वाकलं. जुना जिथं मोडला होता ती जागा आली, तिथं पद्माबाई थांबल्या. मागून त्या विहिरीतल्या आवाजानं सांगितलं, "थांबू नगंस." काटकोन आला. पद्माबाईंनी डोळे मिटून हात सोडले.

खंडा सरळ झाला आणि वाजायला लागला. 'झिं' नव्हे. घरातली भांडी, दारावरचं तोरण, खिडकीचे गज, सगळं त्याच सुरात वाजत होतं, आणि या वेळी एकट्या पद्माबाईंना नाही, सगळ्यांना ऐकू येत होतं. फाटकाशी उभ्या पंचशीलाबाईंनासुद्धा. त्यांनी फ्रीजचं नाव काढलं नाही. बाहेर कुत्र्यानं पहिल्यांदाच घराच्या आत बघितलं.

"पाणी आणा," देव म्हणाला. कुणीतरी धावत तांब्या आणला. देवानं तो पद्माबाईंपुढं सरकवला. "मी न्हाई. तू पी. ताक किती प्यायचं माणसानं."

पाण्याऐवजी ताक का, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पद्माबाई तांब्या तोंडाला लावून प्याल्या. सगळा प्याल्या. हनुवटीवरून पाणी ओघळलं, पुसायचं भान राहिलं नाही.

देव निघायला लागला. भाऊजींची मान खाली झुकायला लागली, आणि मग मध्येच परत वर आली.

"ते टीव्हीतलं," देव म्हणाला, "किती वाजता लागतंय?"

"दुपारी चारला," मनीषा म्हणाली.

मान खाली गेली. हलगी ऐकू यायला लागली. गुंडाप्पा भाऊजींनी डोळे चोळले, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "काय बोललं यंदा? पावसाचं काय बोललं का?"

दुसऱ्या दिवशी दसरा. अनिलकुमारला कन्नड बातम्या लावायच्या होत्या. त्यानं रिमोटला हात घातला, मग टीव्हीसमोर मांडलेल्या पाटाकडं बघितलं. पाटावर पिवळं फडकं, फडक्यावर खंडा म्यानातून चार बोटं बाहेर काढून ठेवलेला, समोर साखरेची वाटी. त्यानं रिमोट बायकोच्या हातात दिला आणि घोंगडी घेऊन मागं जाऊन बसला. मनीषा केव्हाच येऊन बसली होती.

टीव्हीत चार दाढीवाले रांगेत उभे राहिले.

"टकल्या जातोय," पद्माबाई हळूच म्हणाल्या.

"न्हाई, पहिला. त्याचं पातं लई पातळ झालंय," मनीषा म्हणाली.

मायलेकींनी पाटाकडं बघितलं. खंड्यावरच्या भंडाराचा एक कण सुटून खाली पडला. मग दुसरा. मग तिसरा. मग बंद.

तिसऱ्या दाढीवाल्याच्या पात्याला पहिल्याच नारळावर तडा गेला. तो मान खाली घालून गेला. अनिलकुमारनं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. पद्माबाईंनी पाटापुढची साखर उचलून सगळ्यांना वाटली. त्यांना जरासं लागलं होतं, इतकी वर्षं बघून आपला अंदाज चुकला आणि पहिल्याच दिवशी बसलेल्याचा बरोबर आला. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. फक्त मनाशी ठरवलं की उद्यापासून आपण शेवटी बोलायचं.